चाकणला कोण उतरणार?

पुण्याहून नाशिककडे निघालेल्या एस.टी.त मोशी मागं पडली, की कंडक्टर मागच्या बाकापर्यंत एक नजर टाकतो आणि विचारतो, "चाकणला कोण उतरणार?" चार हात वर होतात. दोन हात कंपनीत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांचे. एक हात मार्केट यार्डात कांद्याचा भाव काढायला निघालेल्या बागायतदाराचा. चौथा हात माझा, कारण मी तिथं राहतो. बाकीची गाडी डोळे मिटून बसलेली असते. तिला नारायणगाव, संगमनेर, नाशिक असल्या मोठमोठ्या ठिकाणी जायचं असतं.

चाकणला जाण्याची पद्धत नाही. चाकणवरून जाण्याची आहे. लोक काश्मीर पाहायला जातात, कन्याकुमारीला जातात, अलीकडे तर बँकॉकलाही जाऊन येतात. पण "रविवारी चाकण बघून आलो" असं म्हणणारा माणूस मला तीस वर्षांत भेटला नव्हता. आमच्या गावाबद्दल लोकांचं मत विचारा. "बाप रे! त्या चौकात परवा पाऊण तास अडकलो होतो!" एवढंच सगळं प्रवासवर्णन!

यात लोकांचा दोष नाही. दोष असलाच तर नकाशाचा आहे. चाकणच्या दक्षिणेला पुणं, उत्तरेला खेड म्हणजे आताचं राजगुरुनगर आणि पुढं जुन्नरचा मुलूख. पश्चिमेला तळेगाव, आणि तिथून बोरघाट उतरलं की कोकण. पूर्वेला शिक्रापूर, आणि पुढं नगर, म्हणजे आता अहिल्यानगर. चारी बाजूंनी चार मोठी गावं हाका मारत असली, की मधल्या गावाचा चौक होतो. आमचा तसा शेकडो वर्षांपूर्वीच झाला.

आमच्या गावाच्या नावाची कथाच ऐका. दशरथ राजाच्या रथाचं चाक इथं निखळून पडलं, म्हणून हे चाकण. चक्रेश्वराचं देऊळ आहे, तळं आहे, आवारात वराहाची जुनी दगडी मूर्ती आहे. कथा खरी की खोटी, हा वाद मी घालत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. कथेतसुद्धा दशरथ चाकणला आलेला नाही! तो दुसरीकडेच कुठं तरी निघाला होता. गाडी बिघडली म्हणून थांबला. आमच्या गावच्या वाहतुकीचा नोंदलेला पहिला खोळंबा तो. पुढं इथं बजाजच्या मोटारसायकली, महिंद्रांच्या मोटारी, मर्सिडीज आणि २००९ पासून फोक्सवॅगन असे कारखाने उभे राहिले, तेव्हा आमच्याकडचे जुने लोक म्हणाले, "चाक पडलं होतं ना, ते उगवलं!"

दशरथानंतर आले ते बहामनी सुलतानांचे सरदार. पंधराव्या शतकाच्या मध्याला मलिक-उत्-तुजार नावाच्या सरदारानं चाकणला ठाणं केलं. त्यालाही चाकणात रस नव्हता. त्याला कोकण हवं होतं. शिर्क्यांनी त्याला वाट दाखवतो म्हणून सह्याद्रीच्या रानात नेलं, आणि तिथं तो सगळ्या लवाजम्यानिशी कापला गेला. वाचलेली फौज चाकणला परत आली. ही मंडळी इराण-अरबस्तानाकडची, परदेशी. दरबारातल्या दख्खनी सरदारांचं आणि यांचं हाडवैर. दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले, चाकणला वेढा दिला, मग अभयवचन देऊन परदेश्यांना जेवायला बोलावलं आणि पानावर बसलेले असताना मारलं. चाकणच्या पाहुणचाराची इतिहासातली पहिली ठळक हकिगत ही अशी आहे. त्यामुळं भाच्यानं मला फोन करून, "मामा, आमच्या कंपनीत स्पेनचा एक इंजिनिअर आलाय, त्याला रविवारी तुमच्याकडं जेवायला आणू का?" असं विचारलं, तेव्हा क्षणभर माझ्या पोटात गोळा आला.

पाहुणा आला. चाळिशीचा, हसतमुख, आणि कांदेपोहे दोनदा मागून घेणारा. त्यांच्याकडं म्हणे कांदा-बटाटा घालून जाडजूड ऑम्लेट करतात आणि ते सगळ्या देशाचं लाडकं खाणं आहे. मी त्याला सांगितलं, की कांदा आणि बटाटा याच दोन गोष्टींवर आमचं मार्केट यार्ड उभं आहे. तेव्हा तो खुर्चीत सरळ बसला. अमेरिका खंडातला बटाटा गलबतात घालून युरोपात आणला तो स्पॅनिश लोकांनी. म्हणजे चाकणच्या शनिवारच्या बाजारावर त्यांचा थोडा हक्क लागतोच.

हात धुतल्यावर त्यानं विचारलं, "तुमचं जुनं गाव कुठंय?"

"हेच की," मी म्हणालो.

"नाही, म्हणजे पाहुण्यांनी हिंडायचं जुनं गाव."

सौ. आतून म्हणाली, "अहो, त्यांना शनिवारवाडा दाखवा. चाकणात काय आहे बघायला?" भाच्यानंही मान डोलावली. भाचा नऊ वर्षं चाकणात नोकरी करतो, पण त्याचं चाकण कंपनीच्या फाटकापाशी सुरू होतं आणि कँटीनपाशी संपतं.

पाहुणा तोलेदोचा. हे शहर माद्रिदपासून सत्तरेक किलोमीटरवर. खडकाळ टेकडीवर वसलेलं, आणि तिन्ही बाजूंनी ताहो नदीचा वेढा. १९८६ साली युनेस्कोनं ते जागतिक वारशात घातलं. तिथं फिरायची रीत त्यानं मला समजावून सांगितली. मोटार खाली, वेशीबाहेर लावायची. टेकडीवर जायला सरकते जिने केलेत. एवढ्या पुरातन गावाला सरकते जिने! म्हणजे आमच्या जेजुरीला नऊ लाख पायऱ्या म्हणतात, त्यातल्या निम्म्या सरकायला लागल्या तर कसं होईल, तसं. वर पोचलं की गल्ल्या. एवढ्या अरुंद, की दोन्ही भिंतींना हात लागावेत. नकाशा हातात असतो, पण नकाशा असून प्रत्येक पाहुणा चुकतो. चुकण्यातच तोलेदो पाहिल्याची मजा आहे, म्हणाला. फिरून फिरून माणूस पुन्हा चौकातच येतो.

"हे आमच्याकडंही आहे," मी म्हणालो. "फिरून फिरून माणूस चौकातच येतो. फक्त मग तिथून निघता येत नाही."

आता घराची अब्रू पणाला लागली होती. मी छत्री घेतली, चपला सरकवल्या आणि म्हणालो, "चला, किल्ला दाखवतो."

"किल्ला?" भाचा म्हणाला. "कुठला?"

चाकणात पायी फिरायला शरीर नव्हे, मन खंबीर लागतं. तोलेदोत पाहुणा नकाशा बघत चालतो. आमच्याकडं मागं बघत चालावं लागतं. पहिली परीक्षा हमरस्ता ओलांडण्याची. एका अंगानं कंटेनर, दुसऱ्या अंगानं पाण्याचा टँकर, मधून नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेऊन निघालेला लांबलचक ट्रेलर. त्याचं तोंड तळेगाव चौकात आणि शेपूट कुठं, ते दिसत नाही. त्या सगळ्यांच्या फटींतून शेअर रिक्षा. शेअर रिक्षात किती माणसं बसतात, हे तिच्या आकारावर नसून रिक्षावाल्याच्या आशावादावर अवलंबून असतं. रस्ता ओलांडायचं आमचं तंत्र सोपं आहे. एखाद्या आजीबाईच्या मागं उभं राहायचं. ती हात वर करून पाऊल टाकते, आणि चाळीस टनांचा ट्रेलर निमूट थांबतो. पाहुण्यानं आजीबाईंना मनापासून नमस्कार केला.

पलीकडं गेल्यावर भाच्यानं एका पानवाल्याला किल्ल्याचा रस्ता विचारला. मला माहीत होता, पण त्याची हौस. पानवाल्यानं विचारलं, "किल्ल्यात कोणाकडं?"

हा प्रश्न मला फार आवडतो. रायगडावर कोणी असा प्रश्न विचारत नाही. आमचा किल्ला भुईकोट. डोंगर नाही, कडा नाही, दिंडीदरवाज्यापर्यंत पोचताना लागणारा दम नाही. गावाच्या पातळीवर, गावात, गावासारखाच. त्याचं नाव संग्रामदुर्ग. हे नाव गावात कमी जण घेतात. तट होते तिथं घरं आली, खंदक होता तिथं काय काय आलं. उरलेत ते तटाचे तुकडे, काही बुरूज, दरवाज्याचे अवशेष आणि आत देऊळ. काही ठिकाणी अलीकडची डागडुजी दिसते.

एका बुरुजापाशी एक म्हातारी वाळवण राखत बसली होती. मी विचारलं, "आजी, जुना बुरूज हाच ना?"

"बुरूज व्हय? त्यो काय, माझ्या कुरडयांच्या मागं."

"कोणी बघायला येतं का?"

"येत्यात की. पंधरा आगष्टला शाळंची पोरं येत्यात. गानं म्हंत्यात, गोळ्या खात्यात आन् जात्यात."

पंधरा ऑगस्ट! म्हातारीला माहीत नव्हतं, पोरांनाही बहुधा नसेल, पण तारीख बिनचूक होती. मग मी छत्री टेकली आणि पाहुण्याला सांगायला लागलो.

साल १६६०. आदल्या वर्षी अफझलखान पडलेला. इकडं औरंगजेबाचा मामा शाइस्ताखान प्रचंड फौज घेऊन पुण्यात उतरला, तिकडं शिवाजीमहाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. खानाला पुण्यात बसून खायला रसद हवी. ती नगरकडून यायची. आणि वाटेच्या तोंडावर चाकण. म्हणजे खानालाही चाकण नकोच होतं! त्याला चाकणवरून जायचं होतं. हा भुईकोट एवढासा. आठवड्याभरात घेऊ, असं वाटलं असेल. २१ जून १६६० ला खान किल्ल्यापुढं येऊन उभा राहिला.

आत किल्लेदार होता फिरंगोजी नरसाळा.

"फिरंगोजी?" पाहुणा म्हणाला. "म्हणजे आमच्याकडचा?" भाच्यानं त्याला पहिल्याच दिवशी 'फिरंगी' शब्द शिकवून ठेवला होता. मी म्हटलं, छे छे, नाव तेवढं फिरंगोजी. माणूस अस्सल मराठा. मालोजीराजांच्या काळापासून पुणं, सुपं, शिवनेरी आणि चाकण ही भोसल्यांची जहागीर. महाराजांनी स्वराज्याचा उद्योग मांडला तेव्हा चाकणचा हा किल्लेदार त्यांना येऊन मिळाला. महाराजांनी त्याला त्याच किल्ल्यावर ठेवलं आणि भोवतालच्या गावांचा वसूलही सांगितला. त्या काळी युरोपातून आलेल्या पात्याच्या तलवारीला आपल्याकडं 'फिरंग' म्हणत. तेव्हा संबंध लावायचाच असेल तर पोलादाशी लाव. ते तोलेदोचं प्रसिद्ध आहेच.

फिरंगोजीला कुमक येणार नव्हती. राजा स्वतःच वेढ्यात. पाऊस सुरू झालेला. मावळातला पाऊस, तो काही नुसता भिजवत नाही, कुजवतो. मोगलांचे मोर्चे चिखलात रुतत, आणि आतून मारा चालूच राही. जुलैच्या १२ तारखेच्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निसटले. बाजीप्रभूंनी खिंड अडवली. ती गोष्ट महाराष्ट्रातल्या पोराटोरांना पाठ आहे, आणि असायलाच हवी. पण ती घडत होती तेव्हा इकडं चाकणला वेढ्याचा बाविसावा दिवस होता, आणि आणखी महिनाभर हा किल्ला थांबायचा होता.

शेवटी मोगलांनी भुयार खणलं. ईशान्येच्या बुरुजाखाली दारू ठासली, आणि १४ ऑगस्टला बुरूज उडाला. वरची माणसं आभाळात गेली. खिंडार पडलं आणि फौज आत घुसायला धावली, तर पलीकडं काय? मातीचा बांध! बुरूज जाणार हे ओळखून आतल्यांनी मागं आधीच बांध घातला होता. त्याच्या आडून बाण, दारूचे गोळे आणि दगड सुरू झाले. मोगलांना ती रात्र खिंडाराच्या तोंडाशी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, त्यांनी पुन्हा हल्ला चढवला. आतली माणसं बालेकिल्ल्यात हटली. मग बोलणी झाली, भावसिंह हाडा मध्ये पडला आणि फिरंगोजीनं किल्ला खाली केला.

२१ जून ते १५ ऑगस्ट. दोन्ही दिवस धरले तर छप्पन. मोगलांचे २६८ मेले, ६०० जखमी झाले. खानानं त्याला बादशाही चाकरी देऊ केली. तो नाही म्हणाला आणि परत महाराजांकडं गेला. महाराजांनी त्याचा गौरव केला. किल्ला हरलेल्या किल्लेदाराचा गौरव!

आणि खान? त्यानं किल्ल्याचं नाव इस्लामाबाद ठेवलं. ते टिकलं असतं तर मला घरी यायला व्हिसा लागला असता. पण त्याचा खरा धडा वेगळाच होता. एवढ्याशा भुईकोटाला पावसाळा घालवावा लागतो, तर डोंगरी किल्ल्यांचं काय, असा हिशेब त्यानं केला आणि किल्ल्यांच्या वाटेला जाण्यापेक्षा पुण्यात लाल महालात मुक्काम टाकणं पसंत केलं. १६६३ च्या ५ एप्रिलच्या रात्री महाराज तिथंच जाऊन त्याची बोटं घेऊन आले. त्या बोटांचा काही भाग चाकणच्या खात्यावर जमा धरायला हरकत नाही.

पाहुणा बराच वेळ दगडावर हात ठेवून उभा होता. मग म्हणाला, "आमच्याकडंही असंच झालं." तोलेदोच्या टेकडीच्या माथ्यावर अल्काझार नावाचा चौकोनी गढीवाडा आहे. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली, तेव्हा फ्रँकोच्या बाजूचे लोक आत आणि सरकारच्या बाजूचे बाहेर. जुलैच्या २१ पासून सप्टेंबरच्या २७ पर्यंत वेढा. खाणकामगारांनी भुयारं खणली, आणि १८ सप्टेंबरला नैर्ऋत्येचा बुरूज उडवला. त्याची आजी तेव्हा सहा वर्षांची होती. तो आवाज तिच्या कानातून शेवटपर्यंत गेला नाही, म्हणाला. तिचे एक काका आत होते आणि एक बाहेर.

अल्काझार पुन्हा बांधून काढला. आता तिथं लष्कराचं संग्रहालय आहे, वर मोठं ग्रंथालय आहे, रोज प्रवाशांच्या रांगा लागतात. "पण तो वेढा जिंकलेल्यांनी आम्हाला चाळीस वर्षं इतका ऐकवला," तो म्हणाला, "की आमच्या घरात त्याचं कोणी नाव काढत नाही. आम्ही विसरायला बघतो. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं वेगळं बघावं लागत नाही," मी म्हणालो. "आपोआप विसरलं जातं."

भाचा हसला नाही. तो फोन खिशात घालून बुरुजावर चढला आणि ईशान्य कुठली ते शोधायला लागला. नऊ वर्षांत त्यानं चाकणमध्ये दिशा शोधलेली मी पहिल्यांदा पाहिली.

तेव्हापासून मी विचार करतो आहे. तोलेदोसारखं आमच्याकडं काही नाही, हे खरं. सरकते जिने नाहीत, नकाशे नाहीत, गल्लीच्या तोंडाशी बाण नाहीत. पण शब्द बघा. त्यांच्या देशात 'अल्काला' नावाची गावं आहेत. तो अरबी 'कल्आ'. तोच फारसीतून आपल्याकडं येऊन 'किल्ला' झाला. एकाच शब्दाची दोन भावंडं. एक तिकडं जपलं गेलं. दुसरं आमच्या म्हातारीच्या कुरडयांना सावली देतं आहे. १८१८ साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला, त्यानंतर त्याच्यावर कोणी तोफ डागलेली नाही. तरी तो दरसाल थोडा थोडा कमी होतो. खानाला भुयार खणावं लागलं. आपल्याला तेवढेही कष्ट पडत नाहीत. एक दगड याच्या ओट्याला, एक त्याच्या गोठ्याला.

मला किल्ल्याला कुंपण घालून तिकीट लावावं असं वाटत नाही. "किल्ल्यात कोणाकडं?" हा प्रश्न बंद पडला तर मला वाईटच वाटेल. माणसं राहतात तिथं किल्ला निदान एकटा पडत नाही. म्हातारीची वाळवणं तिथंच राहोत. पण ती ज्या भिंतीला टेकली आहे, ती कुणी राखली होती, एवढं तिला आणि गोळ्या खाणाऱ्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं. फार मोठं काम नाही. छत्री टेकून उभं राहिलं की होतं.

आणि तुम्हालाही एक विनंती आहे. दशरथापासून शाइस्ताखानापर्यंत आणि खानापासून तुमच्यापर्यंत सगळ्यांना चाकणवरून पुढंच जायचं होतं. इतक्या जाणाऱ्यांत "इथं थांबा" असं ठणकावून सांगणारा माणूस एकच झाला, आणि त्यानं दिल्लीच्या फौजेला छप्पन दिवस थांबवून दाखवलं. आमचा चौक तुम्हाला तसाही थांबवतोच. पुढच्या खेपेला तिथं अडकलात की हॉर्न वाजवत बसू नका. गाडी कडेला लावा, एखाद्या आजीबाईच्या मागून रस्ता ओलांडा, आणि पानवाल्यानं "किल्ल्यात कोणाकडं?" असं विचारलं, की सांगा, "फिरंगोजीकडं."

छप्पन दिवस नकोत. छप्पन मिनिटं पुरेत. तोवर चौकही मोकळा झालेला नसतो.